वळणावरचं खाकरणं

वस्तीतल्या पुरुषांना दोन गोष्टी लहानपणीच शिकवल्या जायच्या: कोकरू कसं उचलायचं आणि वळणावर कसं खाकरायचं. पहिली नाही जमली तर लोक हसून सोडून द्यायचे. दुसरी न जमून भागायचं नाही.

वळण म्हणजे ओढ्याकडे उतरणाऱ्या पायवाटेचं. तिथे एक थोराड खडक वाटेत आडवा आला होता आणि त्याच्या पलीकडे, खाली, डोह होता. कातरणी संपली की बायका त्या डोहावर लोकर धुवायला बसत. काम बघायला सोपं, करायला जीव काढणारं. कातरलेल्या लोकरीत माती, काटे, लेंड्या आणि मेंढीच्या अंगाचा चिकट तेलकटपणा सगळं एकत्र असतं. ती राखेच्या कढत पाण्यात भिजवायची, पायांनी तुडवायची, टोपलीत घालून वाहत्या पाण्यात हलवायची, पिळायची आणि परत पहिल्यापासून सुरुवात करायची. या कामाला बाहीचा कपडा चालत नाही. बाही भिजली की हात जड होतो आणि राखेने सोललेल्या कातडीवर ती घासत राहते. म्हणून डोहावर बायका गाठीचं नेसून जात.

गाठीचं म्हणजे एकच लांब कापड, सुईदोरा न लागलेलं, मळकट पांढरं, काठाला तांबडी-काळी वीण. अंगाभोवती घ्यायचं आणि उजव्या खांद्यावर गाठ मारायची. वस्तीत वावरताना गाठ खांद्यावर. डोहावर उतरलं की गाठ सोडायची, कापड कमरेला घट्ट खोचायचं आणि कामाला लागायचं. त्यात कुणाला काही वाटत नसे, कारण तिथे बायकांशिवाय कुणी नसे. आणि कुणी पुरुष त्या वाटेने आलाच, तर तो खडकाशी थांबून खाकरायचा. खालून ‘ये’ असा आवाज येईपर्यंत तो पाऊल पुढे टाकत नसे.

बायकांना खाकरणी पाठ होत्या. मेंढ्या कातरायला येणारा कातरवाला खाकरला की खालच्या गावातली कुत्री भुंकतात, असं बोळकी आजी म्हणायची. हिच्या तोंडात दात एकही उरला नव्हता, पण बोलणं चांगलं चावरं होतं. धाकटीच्या नवऱ्याचं खाकरणं इतकं बारीक, की तो पुन्हा पुन्हा खाकरायचा आणि तरी वर उभाच राहायचा. “अरे, आलास का गेलास?” आजी खालून ओरडायची आणि सगळा डोह हसायचा.

बायकांना मात्र खाकरायचं कारण नव्हतं. कोणतीही बाई कधीही सरळ खाली उतरायची.

धाकटी ही या वस्तीतली नव्हे. ती खालच्या गावातून लग्न होऊन आलेली. थोरल्या जावेच्या मानाने धाकटी, म्हणून सगळी तिला तशीच हाक मारत. खालच्या गावात डोंगरावरच्या या लोकांना नावं ठेवायची पद्धत होती आणि त्यात गाठीच्याचा नंबर पहिला. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या कातरणीला ती डोहावर गेली खरी, पण गाठ काही तिच्याच्याने सुटेना. सगळ्या बायका पाठी उघड्या टाकून लोकर तुडवतायत आणि ही एकटी खांद्यावर गाठ धरून ओलीचिंब. सासू एका शब्दाने बोलली नाही. थोरलीनेही टोकलं नाही. तो हंगाम तसाच गेला. दुसऱ्या हंगामात एका सकाळी, ऊन्ह पाण्यावर आलं तेव्हा, तिने मान खाली घालून गाठ सोडली. कुणी वर बघितलं नाही. फक्त बोळकी आजी टोपली हलवता हलवता म्हणाली, “आली बाई एकदाची घरात.”

लग्न लागलं तेव्हा आपण या घरच्या झालो असं धाकटीला वाटलं नव्हतं. त्या सकाळी वाटलं.

यंदाचा हंगाम वाईट होता. मागच्या वर्षी पाऊस हात राखून पडलेला. ओढा कसाबसा वाहत होता आणि डोह दर आठवड्याला काठापासून मागे सरकत होता. पाणी आटायच्या आत लोकर धुऊन झाली पाहिजे, नाहीतर वर्षभराचं काम गेलं. त्यात मागच्या सालची घोंगडी माळ्यावर तशीच पडून होती. बाजारात कारखान्यातली मऊ पांघरुणं आली होती, त्यामुळे वस्तीतली जाड घोंगडी लोक हातात घेऊन बघत, टोचतं म्हणत आणि ठेवून देत.

शहरात एक बाई होती, हाताने विणलेल्या कपड्यांचं दुकान चालवायची आणि फोनवरूनही माल विकायची. धाकटीने कुठूनसा तिचा नंबर मिळवला. बाई गोड बोलायची.

“अगं, घोंगडी छानच आहेत तुमची,” ती म्हणाली. “पण लोकांना हल्ली नुसती वस्तू नको असते. ती करणारी माणसं बघायची असतात. तू तुमच्या कामाचे छोटे छोटे व्हिडिओ पाठव. मी टाकते.”

घरात ही गोष्ट निघाली तेव्हा नवरा मागावर बसला होता. तो हसला.

“मी माग ओढतो, ते कोण बघणार? समोरून बैल गेला तरी तोसुद्धा मान वळवत नाही.”

“तुम्ही ओढा नुसता. बघायचं त्यांचं ते बघतील.”

सासूने काही विचारलं नाही. तिला फोन म्हणजे बोलायची वस्तू एवढं माहीत होतं. त्यात फोटो निघतो हेही ठाऊक होतं; थोरल्याच्या लग्नातला आपला फोटो तिने त्यात पाहिला होता, आणि ‘मी डोळे का मिटलेत?’ म्हणून पुढे कितीतरी दिवस विचारत होती. फोटो ज्याच्या फोनमध्ये आहे त्याच्याजवळ राहतो, माळ्यावरच्या घोंगड्यासारखा, असं तिच्या मनात होतं.

धाकटीने पिंजणाचा व्हिडिओ पाठवला, सुताचा पाठवला, नवऱ्याच्या हातातून मागाचा धोटा इकडून तिकडे पळतो तो पाठवला. दुकानवाल्या बाईने सगळे टाकले. फार कुणी बघितले नाहीत.

“सगळ्यांकडे हेच असतं गं,” बाई फोनवर म्हणाली. “तुमचं असं काहीतरी दाखव. जे दुसरीकडे कुठे नाही.”

ते धाकटीच्या मनात राहिलं. एका सकाळी डोहावर ती लोकर पिळून दगडावर पसरत होती आणि समोर सासू पाण्यात उभी होती. गाठीचं कमरेला खोचलेलं, ओल्या लोकरीची टोपली दोन्ही हातांनी पाण्यात गरगर हलवत होती. उन्हाची तिरीप थेट तिच्या पाठीवर. म्हातारपणाने सैल पडलेल्या कातडीखाली खांद्यांची दोन पाती पंखांसारखी वर-खाली होत होती, काठाची तांबडी वीण पाण्यात लवत होती. धाकटीला ते इतकं सुंदर दिसलं, की तिने हात पुसून फोन काढला आणि व्हिडिओ सुरू केला. हे खरं सांगायला हवं. तिने त्यात वाईट काही पाहिलंच नव्हतं.

सासूने मान वळवली. “काय करतेस गं?”

“फोटो काढते.”

“कशाचा?”

धाकटी थबकली. मग म्हणाली, “लोकरीचा.”

“काढ,” सासू म्हणाली आणि परत टोपली हलवायला लागली.

पुढे धाकटी किती दिवस या एका शब्दापाशी येऊन अडखळायची. सुंदर दिसलं हे खरं. घोंगडी विकावी म्हणून केलं हेही खरं. पण मग तेव्हा तोंडातून ‘तुमचा’ का नाही आलं, याचं उत्तर तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक होतं म्हणूनच ती स्वतःच्या मनातसुद्धा ते बोलत नसे.

तो व्हिडिओ दुकानवाल्या बाईने मागे बासरी लावून टाकला. खाली लिहिलं, ‘मातीशी जोडलेली माणसं. आदराने.’ या वेळी लोकांनी बघितला. भरपूर बघितला. धाकटीला घोंगड्यांची मागणीही आली, थोडीशी का होईना, आणि दोन-तीन दिवस ती पाय जमिनीला न लागता वावरली. सासूला म्हणाली, “आत्याबाई, माळा रिकामा करू या वर्षी.” सासू म्हणाली, “तुझ्या तोंडात साखर पडो.”

बातमी आली ती कातरवाल्याच्या तोंडून. खरं तर तोंडून आलीच नाही. तो बाजारातून परतला तो थेट त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. एवढा आडदांड माणूस, आणि हातातली कातर या हातातून त्या हातात करत होता. धाकटी अंगणात लोकर विंचरत होती. तिच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याला बाजूला, गोठ्याच्या भिंतीशी घेऊन गेला. बोलणं बारीक चाललं होतं. कातरवाल्याला बारीक बोलता येतं हे धाकटीला त्या दिवशी कळलं.

तुटक तुटक ऐकू आलं. “चहाच्या टपरीवर... ट्रकवाला म्हणाला, हे तुमच्याकडचंच ना?... मी उलटा ठेवला रे फोन. पण त्याच्या आधी दिसलं. आईसारखी आहे मला ती. माझा इलाज नव्हता.”

कातरवाला गेला. नवरा आत आला, मागावर बसला, उठला, परत बसला.

“तुझा फोन दे.”

तिने दिला. त्याने तो घेतला आणि लगेच तिच्या हातात परत ठेवला.

“नको. तूच बघ. काय काय झालंय ते तूच बघ.”

“अहो, झालंय काय?”

“आई आहे ती माझी,” तो म्हणाला. “जन्मात कधी मी वळणावरून न खाकरता गेलो नाही. तुम्ही सगळ्या हसायच्या मला, तरी दहा वेळा खाकरायचो. आणि आज तो मला भर बाजारातलं सांगतोय.”

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मग धाकटीने बघितलं. दुकानवाल्या बाईने टाकला होता तो एक. पण तो लोकांनी उचलला होता, कापला होता, त्याला दुसरी गाणी लावली होती. एका ठिकाणी सासूच्या पाठीवर उड्या मारणारी हसरी तोंडं चिकटवली होती. एका ठिकाणी शहरातल्या दोन पोरी, न्हाणीघरात, चादर गाठीच्यासारखी गुंडाळून बादलीत टॉवेल हलवत होत्या आणि गाठ सुटल्यासारखं करून खिदळत होत्या. खाली लोकांनी लिहिलं होतं. कुणी ‘किती निरागस’ म्हणत होतं, कुणी ‘हे जपलं पाहिजे.’ आणि बाकीचं जे होतं ते वाचता वाचता धाकटीने फोन बंद केला. ती गोठ्यात गेली आणि मेंढीच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहिली. रडू आलं नाही. लाज मात्र इतकी वाटली, की मेंढीनेही आपल्याकडे बघू नये असं झालं.

तिने दुकानवाल्या बाईला फोन लावला.

“अगं बाई!” ती कळवळली, आणि कळवळा खोटा नव्हता. “मी लगेच काढते आपल्याकडचा. पण लोकांनी उचललेले मी कुठे कुठे शोधू? आणि खरं सांगू, त्यात लाजण्यासारखं काय आहे? तुमची परंपराच आहे ना ती? मी तर आदराने टाकला होता. लिहिलंही होतं तसं.”

“लिहिलं होतं, ताई.”

“मग तुमच्यात चालत नाही हे तू मला सांगायचंस ना! तुमचंच माणूस पाठवतंय म्हटल्यावर मी काय समजायचं?”

बाई पुढे म्हणाली, “असं करू का, पाठ जरा धूसर करून परत टाकू?”

“नको,” धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

वस्तीत गोष्ट पोचायला कुणी सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी डोहावर कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी थोरली आणि बोळकी आजी गेल्या, पण बाजाराला जायचे शिवलेले कपडे घालून, बाह्या मनगटापर्यंत. आजीचा पाय ओल्या घोळात अडकला आणि ती दगडावर आपटली. थोरलीने तिला धरून वर आणलं. कोपर फुटलं होतं.

“पोहायला गेले होते,” आजी म्हणाली. नेहमीसारखी म्हणाली, पण या वेळी कुणी हसलं नाही.

धाकटी हळद घेऊन पुढे झाली. थोरलीने तिच्या हातातून वाटी घेतली, आजीच्या कोपराला लावली आणि वाटी परत देताना म्हणाली, “किती घोंगडी खपली गं?”

थोरलीला उत्तर नको होतं.

मग बायकांनी लोकर घरीच धुवायचं ठरवलं. ओढ्यातून पाणी वर आणायचं, चुलीवर तापवायचं, घमेल्यात लोकर बुडवायची. पाणी वाहायचं काम धाकटीने कुणी न सांगता अंगावर घेतलं. चढ उभा, हंडा डोक्यावर, पायाखाली सुटे दगड. दिवस मावळेपर्यंत तिची मान लाकडासारखी ताठ व्हायची. कुणी तिला थांब म्हणालं नाही. कुणी वाईटही बोललं नाही. ती अंगणात आली की बोलणं जिथल्या तिथे राहायचं, आणि ती हंडा उतरवून निघाली की पुन्हा सुरू व्हायचं. खालच्या गावात असती तर शिव्या बसल्या असत्या, झिंज्या उपटल्या असत्या आणि आठवड्यात मिटलं असतं, असं तिला वाटायचं.

नवरा बोलायचा, कामापुरतं. पण आईच्या समोर बसून जेवायचं त्याने सोडलं. ताट घेऊन ओट्यावर जायचा. म्हातारी ते बघायची. एकदा तिने त्याला ताटात वाढायला हाक मारली, तर तो डोळे जमिनीला लावून आला, ताट पुढे धरलं आणि तसाच मागे फिरला. स्वतःच्या आईकडे बघायची त्या माणसाला चोरी झाली होती.

एका दुपारी धाकटी हंडा उतरवत होती तेव्हा सासू म्हणाली, “इकडे ये. दाखव मला ते.”

“आत्याबाई, कशाला?”

“सगळ्या जगाने बघितलं. मीच तेवढी राहिलेय.”

दोघी भिंतीच्या सावलीला बसल्या. धाकटीने आपल्या फोनमधला मूळचाच व्हिडिओ लावला, बासरी नसलेला, नुसता पाण्याचा आवाज असलेला. सासूने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

“ही मी?”

“हो.”

म्हातारी कितीतरी वेळ बघत राहिली. संपला की म्हणायची, परत लाव.

“पाठ अगदी माझ्या आईसारखी झालीय,” ती म्हणाली. “मला कुठे माहीत? आपली पाठ आपल्याला थोडीच दिसते.”

तिच्या आवाजात कौतुक होतं. एक क्षणभर धाकटीला वाटलं, सुटले. तिने मान वर केली.

“बाजारात माणसं येतात तेवढ्यांनी बघितलं असेल?” सासूने विचारलं.

“जास्त.”

“जत्रेएवढ्यांनी?”

“त्याहून जास्त, आत्याबाई.”

“आणि सगळे न खाकरता.” म्हातारीने फोन मांडीवर ठेवला. “काय म्हणतात?”

धाकटीने दुसरा काढला, ज्याच्याखाली लोकांनी लिहिलं होतं तो. वाचायला लागली. ‘किती कष्टाळू आजी.’ ‘अशी माणसं आता राहिली नाहीत.’ ‘आजीला नमस्कार.’ सासू ऐकत होती.

“आता ती वाच, जी गिळतेयस.”

“आत्याबाई, नको ना.”

“माझ्याबद्दल आहेत ना? मग माझी आहेत ती. वाच.”

धाकटीने वाचलं. “‘आजीसाठी वर्गणी काढा रे, एखादं झंपर घेऊन देऊ.’” तिने बोट सरकवलं. “‘हे लोक अजून झाडावरून उतरले नाहीत वाटतं.’” मग तिसरं आलं, चौथं आलं. ती शब्द न गाळता वाचत गेली, कारण मध्ये थांबली की सासू नुसती “हं” म्हणायची. एका ठिकाणी तिची जीभच वळेना. तिथे सासूने हात पुढे केला आणि फोन पालथा घातला.

“बास. कळलं.”

धाकटीच्या डोळ्यांतून आता घळाघळा पाणी वाहायला लागलं. “मी चुकले, आत्याबाई. मला वाटलं, घोंगडी जातील. मला छान दिसलं हो ते. खरंच छान दिसलं.”

“छान आहेच,” सासू म्हणाली. “पण मला तू काय सांगितलंस?”

धाकटीने डोळे पुसले.

“लोकरीचा म्हणालीस. ‘तुमचा’ म्हणाली असतीस, तर मी गाठ बांधली असती. दोन घटका थांबायला लागलं असतं तुला. त्या दोन घटकांसाठीच तर ते खाकरतात.” तिने गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, धाकटी धरायला गेली तर तिने भिंतीचा आधार घेतला. “बाईला खाकरायला लावायचं, हे आमच्या कधी मनातसुद्धा आलं नाही. जा, घमेल्यातली लोकर उलटी कर. बसेल नाहीतर.”

पण लोकर बसली. घमेल्यातलं पाणी कुणाचं जास्त तापलं, कुणाचं कमी, आणि वाहतं पाणी नसल्याने राख निघेना. एकापाठोपाठ एक, तीन घरांची लोकर आळून घट्ट गठ्ठे झाली. त्यांचं सूत निघणार नव्हतं. बोळकी आजीने एक गठ्ठा उचलून दारात ठेवला आणि म्हणाली, “घ्या, पायपुसणं तयार.” खाली ओढ्याचा आवाज रोज बारीक होत चालला होता. डोहात अजून कंबरभर पाणी होतं, पुढच्या पंधरवड्यात ते गुडघ्यावर आलं असतं.

बायकांचं काय बोलणं झालं ते धाकटीला कळलं नाही. ते तिच्या माघारी झालं.

डोहावर जायचं असलं की थोरली सकाळी टोपलीच्या काठाने तिच्या दाराची चौकट वाजवायची. लग्न झाल्यापासूनचा तो शिरस्ता. त्या सकाळी चौकट वाजली नाही. धाकटी जागी होती. तिने पावलं ऐकली, थोरलीची, आजीची फरफटती, आणि सगळ्यांत शेवटी सासूची. पावलं दारावरून पुढे गेली.

नवरा उठून बसला होता. “जाणार आहेस?”

“लोकर घरचीच आहे ना,” ती म्हणाली.

तिने गाठीचं नेसलं, फोन फळीवर ठेवला, आणि सगळ्यांना दिसेल अशी रिकामी ओंजळ घेऊन जावं की काय असाही वेडा विचार तिच्या मनात आला. मग राहिलेल्या लोकरीची टोपली डोक्यावर घेऊन ती निघाली.

वळणावरच तिला डोहाचा आवाज आला. लोकर तुडवल्याचा चपचप आवाज, टोपल्यांचा खळखळाट, आणि आजी काहीतरी सांगतेय आणि बायका हसतायत. कितीतरी दिवसांनी हसत होत्या. धाकटीचा जीव भरून आला. पायांना सवय होती तशी ती खडक ओलांडून सरळ खाली उतरली.

हसणं थांबलं.

सगळ्यात आधी थोरलीने पाहिलं. तिचा हात कमरेकडे गेला, खोचलेलं कापड सुटलं, छातीवरून वर आलं आणि उजव्या खांद्यावर गाठ बसली. मग तिच्या शेजारची. मग आजी, एका हाताने, कारण दुसऱ्या कोपराला चिंधी होती. पाण्यात उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनी एकीमागून एक अंग झाकून घेतलं. घाई नव्हती, राग नव्हता. परका पुरुष अचानक समोर आल्यावर करावं तसं केलं, एवढंच. शेवटी सासूने टोपली दगडावर ठेवली, हात पुसले आणि आपली गाठ बांधली.

धाकटी डोक्यावर टोपली धरून वाटेच्या मध्यात उभी होती.

“वळणावरून खाकरून यायचं,” सासू म्हणाली.

तिने ते साधं सांगितलं. नव्या माणसाला वाट सांगावी तसं.

धाकटी वळली. टोपलीसकट चढ चढून परत खडकापाशी गेली. तिथे वाटेच्या कडेला एक जागा होती, गवत न उगवणारी. पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनी उभं राहून टाचांनी गुळगुळीत केलेली. इतक्या वर्षांत तिने त्या जागेकडे कधी नीट बघितलं नव्हतं. ती तिथे उभी राहिली आणि खाकरायला गेली. आवाजच फुटेना. एकदा नुसती हवा निघाली. मग निघालं ते इतकं बारीक, की नवऱ्याचं त्यापुढे कातरवाल्याचं वाटलं असतं. खालून आजी काहीतरी चावरं बोलेल म्हणून तिने वाट पाहिली. बोलली असती तर धाकटीने तिचे पाय धरले असते. आजी काही बोलली नाही.

तिने पुन्हा खाकरलं. या वेळी पोचलं असावं. खाली पाणी हललं, कापडांची सळसळ झाली, आणि मग पुन्हा शांत.

“ये,” सासूचा आवाज आला.

ती उतरली. बायकांनी सरकून तिला तिची नेहमीची जागा दिली, सासूच्या मागची. थोरलीने राखेचं मडकं तिच्याकडे ढकललं. काम सुरू झालं. दुपारपर्यंत सगळ्यांची कापडं भिजून अंगाला चिकटली, जड झाली, खांद्यांवर घासून लाल वळ उठले. पण धाकटी तिथे होती तोवर कुणीही गाठ सोडली नाही. तिनेही नाही. ती मान खाली घालून लोकर पिळत राहिली, आणि वर बघावं तेव्हा समोर सासूची पाठ होती, झाकलेली.